अंदाजात वारा शून्य, म्हणजे नेमकं काय?

मार्चमधला एखादा दिवस डोळ्यांसमोर आणा. पवना धरणाच्या परिसरात, कामशेतजवळ, पश्चिमेकडे तोंड असलेली एक टेकडी आहे. दुपारचा एक वाजलाय आणि तुम्ही पॅराग्लायडिंगचे पायलट आहात. मोबाइलमधलं अ‍ॅप सांगतंय, वारा ताशी अर्धा किलोमीटर, दिशा पश्चिम. शेजारी बसलेल्या दुसऱ्या पायलटकडे वेगळं अ‍ॅप आहे. ते म्हणतंय, वारा ताशी साडेअकरा किलोमीटर, दिशा दक्षिण. आणि समोरचं वाळलेलं गवत बघाल तर ते पाच मिनिटं तुमच्याकडे झुकतंय आणि मग एकदम उलटून दरीकडे.

तिन्ही उत्तरं वेगळी. गंमत अशी की दोन्ही अ‍ॅप्सनी मूळ आकडे एकाच मॉडेलमधून घेतलेले असू शकतात, आणि ते मूळ आकडे बरोबरही असू शकतात. तरीसुद्धा अ‍ॅप्सवर दिसतंय ते त्या टेकडीवर त्या वेळी कुठेच वाहत नाहीये.

माझं पीएचडीचं काम सह्याद्रीच्या कड्यालगतच्या स्थानिक वाऱ्यांवर आहे. हा लेख पायलटच्या नजरेतून लिहितेय, पण तो तुमच्यासाठी आहे, म्हणजे संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी. कारण वरचा तो ‘अर्धा किलोमीटर’ उद्या तुमच्या डेटामध्येही येणार आहे. पायलटला निदान समोरचं गवत दिसतं. आपण बसलेलो असतो लॅबमध्ये, एका एक्सेल शीटसमोर.

आधी घड्याळ

सगळ्यात आधी तो अर्धा किलोमीटर आला कुठून ते बघू. मॉडेलचा डेटा यूटीसी वेळेत असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो दर तीन तासांनी मिळतो: ०३, ०६, ०९, १२ यूटीसी. आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवले की ते होतात सकाळचे ८:३०, ११:३०, दुपारचे २:३० आणि संध्याकाळचे ५:३०. (हवामान विभागाचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठला का मोजतात, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर हेच. ते आपल्याकडचे ०३ यूटीसी.)

आता आपल्या दिवसाचे आकडे असे धरू. हे उदाहरणापुरते घेतलेत, पण त्या ऋतूला शोभणारे आहेत. ८:३० ला पूर्वेचा वारा ताशी ९ किलोमीटर. ११:३० ला पूर्वेचाच, ११. २:३० ला पश्चिमेचा, १२. ५:३० ला पश्चिमेचा, १८.

एक वाजता काय? मॉडेलने दिलेल्या या आकड्यांत एक वाजताचा आकडाच नाही. ११:३० आणि २:३० यांच्या बरोबर मधली ती वेळ आहे, म्हणून अ‍ॅप मधला आकडा काढून देतं. पहिल्या अ‍ॅपने वाऱ्याचे घटक घेतले. पूर्व-पश्चिम घटक एकदा उणे ११, एकदा अधिक १२. मध्य निघाला अधिक अर्धा, म्हणजे पश्चिमेचा अर्धा किलोमीटर. दुसऱ्या अ‍ॅपने वेग आणि दिशा वेगवेगळे घेतले. ११ आणि १२ चा मध्य साडेअकरा, ९० अंश आणि २७० अंश यांचा मध्य १८० अंश, म्हणजे दक्षिण. त्या दिवशी दक्षिणेचा वारा कोणीच बघितलेला नाही, मॉडेलनेही नाही. तो निव्वळ अंकगणितातून जन्माला आला.

चिन्हांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण यावर नव्या मुलांचे दोन-दोन दिवस जातात. हवामानशास्त्रात वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला देतात. पण मॉडेलमधला यू घटक हवा जिकडे जाते ती दिशा सांगतो. म्हणून यू अधिक असेल तर वारा पश्चिमेचा. आणि दिशांची साधी सरासरी कधीच काढू नका. ३५० अंश आणि १० अंश हे दोन्ही जवळजवळ उत्तरेचेच वारे, पण त्यांची साधी सरासरी येते १८०, म्हणजे थेट दक्षिण. घटक काढा, त्यांची सरासरी घ्या आणि मग परत दिशा काढा. तेवढं केलं तरी पहिल्या अ‍ॅपचा प्रश्न उरतोच. घटकांनी काढलेला मध्य गणिताने निर्दोष आहे, आणि तरीही पायलटसाठी तो दोन्हींमधला जास्त घातक आहे. दक्षिणेचा साडेअकरा बघून माणूस निदान ‘हे काय भलतंच’ म्हणून थबकतो. अर्धा किलोमीटर बघून त्याला वाटतं, वारा पडलाय, निवांत आहे.

एक वाजता खरं काय चाललेलं असतं

शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो. परीक्षेत ते दोन वेगळ्या प्रश्नांत येतात. घाटावर ते एकाच दुपारी, एकमेकांच्या अंगावर येतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर कामशेत भागात सकाळी साधारण पूर्वेकडून वारा असतो. ऊन चढलं की कोकणची जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा आत शिरायला लागतो. दुसरीकडे घाटाचे उतार आणि वरचं पठार तापतं आणि हवा उतारांवरून वर चढू लागते. दुपारनंतर टेकड्यांवर पश्चिमेचा वारा बसतो. म्हणूनच या भागात ऑक्टोबर ते मेच्या हंगामात सकाळी एका बाजूच्या टेकडीवरून आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूच्या टेकडीवरून उडायची पद्धत पडलेली आहे.

या दोन्हींच्या मधला जो तास-दीड तास, तो अ‍ॅपवर शून्य दिसतो. प्रत्यक्षात तो दिवसातला सर्वांत बेभरवशाचा काळ असतो. पूर्वेचा वारा अजून पुरता हटलेला नसतो, पश्चिमेचा पुरता बसलेला नसतो. जमीन भाजून निघालेली असते, त्यामुळे थर्मल, म्हणजे वर चढणारे गरम हवेचे खांब, जोरात सुटतात आणि प्रत्येक थर्मल आजूबाजूची हवा आपल्याकडे ओढून घेतो. माळावर वावटळी उठतात त्या याच वेळी.

त्यातही एक फसवणूक फार वाईट. पूर्वेचा वारा अजून वरून वाहतोय आणि तुम्ही पश्चिमेच्या उतारावर, म्हणजे टेकडीच्या आडोशाला उभे आहात. ओढ्यात मोठ्या दगडाच्या मागे पाणी कसं उलटं फिरतं, ते आठवा. हवाही आडोशाला तशीच उलटी गोल फिरते. पायलट तिला रोटर म्हणतात. आता या उलट्या फिरणाऱ्या हवेचा खालचा भाग उतारावरून वर चढतो, म्हणजे टेक-ऑफवर तुमच्या तोंडावर छान पश्चिमेचा वारा येतो! उन्हाने तापलेला उतार त्यात भर घालतो. विंडसॉक पश्चिम दाखवतो, अंगाला पश्चिम लागतो, अ‍ॅपवरही ‘पश्चिम, अर्धा’ असतं. तिन्ही पुरावे एकच सांगतायत असं वाटतं. आणि तुम्ही वीस-तीस मीटर वर गेलात की त्या उलट्या हवेतून खऱ्या पूर्वेच्या वाऱ्यात शिरता. पॅराग्लायडर म्हणजे कापडाचा पंख. त्याला कडक सांगाडा नसतो, आतल्या हवेच्या दाबावर तो फुगलेला असतो. अशा सीमेवर तो चुरगळतो, आणि जमीन फार जवळ असते.

अनुभवी पायलट म्हणून टेक-ऑफवरच्या वाऱ्यावर विसंबत नाहीत. ते लांबचं बघतात. मागच्या उंच धारेवरच्या झाडांचे शेंडे कुठे झुकतायत? दूरच्या शेतातला धूर वर गेल्यावर कुठे वळतोय? घारी गोल फिरता फिरता कोणत्या बाजूला वाहवत चालल्यात? ढग असतील तर त्यांची सावली जमिनीवर कुठे सरकतेय? घार हे माझ्या मते सर्वांत चांगलं उपकरण आहे. ती थर्मलमध्ये शंभर-दोनशे मीटर वर असते आणि तिची प्रत्येक फेरी तिथल्या वाऱ्याने थोडी थोडी सरकत जाते.

संशोधनाच्या भाषेत याचा अर्थ काय, तर टेक-ऑफचा विंडसॉक आणि अंगाला लागणारा वारा ही दोन स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. दोन्ही त्याच रोटरमधली आहेत. दोन पुरावे जुळले म्हणून हुरळून जायच्या आधी ते एकाच विहिरीचं पाणी तर नाही ना, हे बघावं लागतं. स्वतंत्र पुरावा हवा असेल तर तो घारीकडे मागायचा.

तीच सरासरी, आणखी दोन वेषांत

वरचं शून्य वेळेच्या सरासरीतून आलं. ते आणखी दोन वाटांनी येतं आणि तुम्ही डेटा हाताळणार असाल तर या दोन वाटा जास्त महत्त्वाच्या.

एक म्हणजे एन्सेम्बल. युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राचं मॉडेल एकच अंदाज काढून थांबत नाही. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून ५१ अंदाज काढतं. खारा वारा दुपारी अडीचला घाटावर पोचेल की नाही, हा प्रश्न जर काठावरचा असेल, तर त्यातले समजा २६ अंदाज म्हणतील पूर्वेचा १०, आणि २५ म्हणतील पश्चिमेचा १०. यांची सरासरी येते पूर्वेचा ताशी ०.२ किलोमीटर. ५१ पैकी एकानेही शांत वारा सांगितलेला नाही, तरी सरासरी शांत. इथे अनिश्चितता वाऱ्याच्या जोराबद्दल मुळीच नाही, ती दिशेबद्दल आहे, आणि सरासरीने नेमकी तीच माहिती पुसून टाकली. म्हणून एन्सेम्बलची सरासरी एकटी कधी बघू नका. सगळे सदस्य एका आलेखावर टाका. दोन घोळके दिसले की समजा, सरासरी त्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत जाऊन बसलीय.

दुसरी वाट जागेची. मॉडेल जमिनीचे चौकोनी खाने पाडतं. त्या युरोपीय केंद्राचा खाना साधारण ९ किलोमीटरचा, आणि पुण्याच्या आयआयटीएमने विकसित केलेल्या, २०२५ मध्ये हवामान विभागाने सुरू केलेल्या भारत फोरकास्ट सिस्टमचा ६ किलोमीटरचा. हे आकडे ऐकून वाटतं की ९ किलोमीटरच्या मॉडेलला ९ किलोमीटरची टेकडी दिसत असेल. तसं नसतं. एखादी गोष्ट मॉडेलमध्ये नीट उमटायला साधारण सहा-सात खाने लागतात. नऊ सत्ते त्रेसष्ट. म्हणजे जवळजवळ अख्ख्या कोकणपट्टीची रुंदी. सह्याद्रीचा कडा काही किलोमीटरच्या आडव्या अंतरात सहाशे-आठशे मीटर उभा चढतो. मॉडेलच्या नकाशात त्याचा एक लांबलचक उतरता रॅम्प झालेला असतो. पवनेच्या काठची तुमची टेकडी तर त्या नकाशात नाहीच.

मग मॉडेल टाकून द्यायचं? अजिबात नाही. त्याला जे दिसतं ते विचारायचं. बरीच अ‍ॅप्स त्या ठिकाणची मॉडेलची उंची दाखवतात. ती खऱ्या उंचीशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर ‘१० मीटर उंचीवरचा वारा’ हा रकाना सोडा आणि दाबपातळ्यांवरचा वारा घ्या. ९२५ हेक्टापास्कलची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण पावणेआठशे मीटरवर असते, म्हणजे कामशेतच्या टेकड्यांच्या माथ्याच्या आसपास. ८५० ची पातळी दीड किलोमीटरवर. ८५० वर पूर्वेचा वारा जोरकस असेल, तर खारा वारा उशिरा येणार किंवा किनाऱ्याजवळच अडकणार, आणि टेकडीवर आला तरी त्याचा थर पातळ असणार. त्या पातळ थराच्या वर पुन्हा पूर्वेचा वारा. म्हणजे ८५० चा आकडा तुम्हाला थेट टेकडीवरचा वारा सांगत नाही, पण तो एक वाजताचा गोंधळ आज किती वेळ चालेल याचा अंदाज देतो. माझ्या मते विचित्र अंदाज वाचायला हीच सर्वांत उपयोगी सवय. आकडा बरोबर की चूक हे विचारायच्या आधी, हा आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते विचारा.

विमानतळाची भाषा

विमानतळांवरचे निरीक्षक या बाबतीत अ‍ॅपपेक्षा बरेच शहाणे आहेत. त्यांच्या मेटार या सांकेतिक अहवालात शांत वारा आणि गोंधळलेला वारा यांना वेगवेगळी चिन्हं आहेत. ०००००केटी म्हणजे खरंच शांत. व्हीआरबी०२केटी म्हणजे वेग दोन नॉट, पण दिशा ठरत नाही. आणि वेग तीन नॉट किंवा जास्त असून दिशा ६० अंश किंवा त्याहून जास्त, पण १८० च्या आत, फिरत असेल, तर दोन्ही टोकं लिहितात, जसं २४०व्ही३१०. अ‍ॅपचं एकच शून्य इथे असं वेगवेगळं होतं.

पण मेटारमध्येही एक खाच आहे. मुंबई किंवा पुण्याचा अहवाल उघडला आणि त्यात २७०१२केटी असं दिसलं: पश्चिमेचा वारा, १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटर. झोतांचा उल्लेख नाही. याचा अर्थ झोत नाहीत असा होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे झोत सरासरीपेक्षा १० नॉट किंवा जास्त असेल तरच लिहायचा असतो. म्हणजे २१ नॉटचे, ताशी ३९ किलोमीटरचे झोत येत असले तरी हा अहवाल असाच दिसेल. पॅराग्लायडरचा नेहमीचा वेग ताशी ३६ ते ३८ च्या आसपास असतो. म्हणजे ज्या वाऱ्यात तुम्ही जागेवरून मागे ढकलले जाऊ शकता, तो वारा अहवालात दिसणारच नाही. यात विमानतळाची काही चूक नाही. त्यांचा नियम विमानांसाठी आहे, आणि शंभर टनांच्या विमानाला नऊ नॉटच्या फरकाने फारसं काही होत नाही. तुम्ही दुसऱ्यासाठी गोळा केलेला डेटा वापरता तेव्हा त्याने काय लिहिलं यासोबत काय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तेही शोधावं लागतं.

दोन वाजताचा पश्चिम वारा कुठला?

आता जरा माझ्या आवडीच्या प्रश्नाकडे. दुपारी दोन वाजता कामशेतला पश्चिमेचा वारा सुरू झाला की टेकडीवर कुणीतरी म्हणतंच, ‘चला, खारा वारा आला.’ खरंच?

साधा हिशेब करू. अलिबागचा किनारा कामशेतपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. समजा खारा वारा किनाऱ्यावर बारा वाजता सुरू झाला आणि त्याचं तोंड, म्हणजे फ्रंट, ताशी १५ किलोमीटरने आत सरकलं. कामशेतला पोचायला पावणेपाच होतील, तेही घाट चढायला वेगळा वेळ धरला नाही तर. मग दोन वाजता आलेला वारा कोण? तो बहुधा घाटाने स्वतःच ओढलेला आहे: तापलेलं पठार आणि उतार यांनी कोकणच्या आतल्या भागातली हवा वर खेचली. म्हणजे दरीय वारा, मोठ्या मापाचा. खारा वारा मागून येतो, आणि कित्येकदा त्याच दिशेने येत असल्यामुळे तो कधी आला हे दिशेवरून कळतच नाही.

कळतं ते दवबिंदूवरून. समुद्रावरची हवा दमट असते. ती पोचली की तापमान थोडं उतरतं आणि दवबिंदू चांगलाच चढतो. मुंबईच्या मेटारमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. अर्ध्या तासाच्या दोन अहवालांत वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो आणि दवबिंदू एकदम वर उडी मारतो. टेकडीवर हातात आर्द्रता मोजणारं एखादं साधं उपकरण असेल तर तुम्हालाही ते करता येईल. वारा फिरला पण दवबिंदू हलला नाही, तर ती समुद्राची हवा नव्हे, निदान अजून नव्हे. पायलटच्या दृष्टीनेही हा फरक कामाचा आहे. उतारांनी ओढलेला वारा ऊन कलल्यावर मंदावतो. खाऱ्या वाऱ्याचं तोंड मागून येत असेल तर वारा संध्याकाळी मंदावायच्या ऐवजी अचानक वाढू शकतो, आणि तेव्हा तुम्ही हवेत असता.

पुण्यापर्यंत खारा वारा पोचतो हे नवं नाही. के. आर. रामनाथन यांनी १९३१ मध्येच पुण्यातल्या खाऱ्या वाऱ्याच्या रचनेवर हवामान विभागाच्या शास्त्रीय टिपणांत लिहिलं होतं. हेच रामनाथन पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. तेव्हा ना उपग्रह, ना मॉडेल.

आणि हवेत असलेली माणसं संशोधनाला किती उपयोगी पडतात, याचं उत्तम उदाहरण इंग्लंडमधलं आहे. दक्षिण किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत लॅशम नावाचं ग्लायडरचं मैदान आहे. १९६० च्या दशकात जॉन सिम्पसन यांनी तिथल्या ग्लायडर उड्डाणांच्या मदतीने खाऱ्या वाऱ्याच्या फ्रंटचा अभ्यास केला. दोन हवा जिथे भिडतात तिथे हवेची एक चिंचोळी पट्टी वर चढत असते. ग्लायडरच्या पायलटला ती पट्टी हवी असते, कारण तिच्यावर तरंगत लांब जाता येतं. संशोधकाला ती हवी असते, कारण तिथेच फ्रंट आहे. दोघांचा स्वार्थ जुळला. सिम्पसन यांचं खाऱ्या आणि स्थानिक वाऱ्यांवरचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. आजही या विषयाची सुरुवात त्यानेच करा असं मी सांगेन. गणित कमी आहे आणि निरीक्षणं भरपूर.

आपल्याकडेही प्रत्येक पॅराग्लायडरवर आज जीपीएस असतं. गोल फिरणाऱ्या ग्लायडरचा मार्ग वाऱ्याने सरकतो, घारीसारखाच. प्रत्येक फेरीत कोणत्या बाजूला जाताना जमिनीवरचा वेग सर्वांत जास्त आणि कोणत्या बाजूला सर्वांत कमी, हे बघितलं की त्या उंचीवरचा वारा निघतो. जास्तीत जास्त ४८ आणि कमीत कमी २४ असेल तर वारा १२, आणि तो वेग जास्त असलेल्या दिशेला वाहतोय. महागड्या उपकरणांशिवाय घाटावरच्या वाऱ्याची उभी रचना मिळवायचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही. अर्थात ही माणसं फक्त उडण्याजोग्या दिवशीच उडतात, त्यामुळे वाईट दिवसांचा डेटा तुमच्याकडे येणारच नाही. प्रबंधात ही मर्यादा तुम्ही स्वतः लिहा, नाहीतर परीक्षक लिहायला लावतील.

तुमच्या एक्सेलमधला शून्य

परत सुरुवातीच्या चार आकड्यांकडे जाऊ. पूर्व ९, पूर्व ११, पश्चिम १२, पश्चिम १८. घटकांची सरासरी काढली तर दिवसाचा वारा येतो पश्चिमेचा अडीच. नुसत्या वेगांची सरासरी काढली तर साडेबारा. अडीच आणि साडेबारा, पाच पटींचा फरक! दोन्ही बरोबर आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. हवेचा एखादा कण दिवसभरात निव्वळ किती लांब गेला याचं उत्तर अडीचच्या बाजूला आहे. झाडाच्या फांदीला, पवनचक्कीला किंवा पायलटला किती वारा लागला याचं उत्तर साडेबाराच्या बाजूला.

पहिल्याला दुसऱ्याने भागा: ०.२. या गुणोत्तराला स्टेडिनेस म्हणतात. मी मराठीत बोलताना एकमार्गीपणा म्हणते. पावसाळ्यात घाटावर पश्चिमेचा वारा दिवसेंदिवस तसाच वाहतो, तेव्हा हा आकडा १ च्या जवळ जातो. मार्चमध्ये तो खाली येतो. हा एकच आकडा शेजारी ठेवला तर सरासरीतलं शून्य शांततेचं आहे की भांडणाचं, हे लगेच कळतं. वेगांची सरासरीही लहान असेल तर वारा खरंच पडलेला. वेगांची सरासरी मोठी आणि एकमार्गीपणा कमी, तर वारा येऊन-जाऊन करतोय. शहरांच्या प्रदूषणावर काम करणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं, कारण सकाळी बाहेर गेलेला धूर दुपारी परत घरी येतो तो अशाच दिवशी.

ईआरए५ वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. तो डेटा १९४० पासून तासातासाचा आहे, खाना साधारण ३१ किलोमीटरचा. त्याच्या मासिक सरासरीच्या संचात यू आणि व्ही घटक वेगळे असतात आणि ‘१० मीटरवरचा वाऱ्याचा वेग’ हे चलही वेगळं असतं. बरेच जण मासिक यू आणि व्ही घेतात, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात आणि त्यालाच सरासरी वेग म्हणतात. जिथे वारा एकमार्गी आहे तिथे चालून जातं. कोकण-घाटासारख्या जागी, जिथे तो रोज दिशा पालटतो, तिथे उत्तर कितीतरी कमी येतं, आणि मग ‘या भागात मार्चमध्ये वारा नगण्य असतो’ असं वाक्य प्रबंधात जाऊन बसतं. कामशेतच्या कुठल्याही पायलटला हे वाक्य वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

काम सुरू करताना सरासरी काढायच्या आधी एका दिवसाचे, एका ठिकाणचे सगळे मूळ आकडे एका कागदावर बाणांनी काढून बघा. आठ-दहा बाण पुरतात. मार्चचा एक दिवस, जुलैचा एक, डिसेंबरचा एक. बाण कुठे उलटतात, आणि त्या उलटण्याच्या आधी-नंतरच्या वेळा तुमच्या डेटात आहेत की मधल्या भरून काढलेल्या आहेत, हे आधी खुणा करून ठेवा. आणि वेळ यूटीसीत आहे की आपल्या घड्याळाप्रमाणे, हे फाइलच्या नावातच लिहा.